लाल चौकटीचं नाव

प्रिय सावकाश,

एवढं जाडजूड पाकीट पाहून दचकू नकोस. घरी सगळी धडधाकट आहेत. माझं ब्लडप्रेशर माझ्या वयाला शोभेल इतकंच आहे आणि तुझी वहिनी माझ्यावर पूर्वीइतकीच वैतागलेली असते, म्हणजे सगळं ठीक आहे. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर आपण दोघं चोवीस वर्षं हवापाण्यावर बोलतो आणि ठेवून देतो. आपल्या पेशातली माणसं हवापाण्यावर बोलायला वस्तादच. त्या मंगळवारचा विषय निघाला की तू म्हणतोस, "जाऊ दे रे," आणि मी जाऊ देतो. या वेळी जाऊ देणार नाही. तुझी खुर्ची कुणामुळे गेली हे मला गेल्या आठवड्यात कळलं. तेव्हा बैस, चष्मा लाव आणि सावकाश वाच. ते तुला जमतंच.

आधी माझी बातमी. या महिन्याच्या अखेरीस मी निवृत्त होतोय. विमानतळाच्या ज्या दाराने सामान चढवणारा हमाल म्हणून आत आलो, त्याच दाराने बाहेर पडणार, फक्त खांद्यावर दुसऱ्याची पेटी नसेल. आठवतं ना, गाडीवर बॅगा रचता रचता मी ड्रायव्हरच्या वायरलेसवरचं बोलणं ऐकून पाठ करायचो? आणि कुठलं विमान उतरतंय ते पाठ फिरवून नुसत्या आवाजावरून सांगायचो? तेव्हापासून मी कानसेन. हवाई कंट्रोलरच्या परीक्षेत दोनदा आपटलो, तिसऱ्या खेपेला तू समोर बसवून तयारी करून घेतलीस. माझं बोलणं म्हणजे उतारावरून सुटलेली हातगाडी. तू टेबलावर बोटाने ठेका धरायचास आणि म्हणायचास, "सावकाश. घाई वैमानिकाला असते, आपल्याला नसते." तुझं नाव तिथे पडलं. ते मी ठेवलं, याचा मला अजून अभिमान आहे.

गेली तीन वर्षं मी खुर्चीवर बसत नाही, नव्या पोरापोरींना शिकवतो. आपली खोली तू ओळखणार नाहीस. विमानांची नावं छापलेल्या कागदाच्या पट्ट्या गेल्या, किरकिरणाऱ्या खुर्च्या गेल्या, पडदे मात्र जेवणाच्या टेबलाएवढे झाले. एक गोष्ट तशीच राहिली. सारख्या आकड्यांची दोन विमानं एकाच वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर आली, की त्यातल्या एकाचं कॉलसाइन, म्हणजे हाकेचं नाव, तेवढ्यापुरतं बदलायचं. आणि बदललं रे बदललं की पडद्यावर त्याच्याभोवती लाल चौकट टाकायची, म्हणजे खुर्चीवर नवा माणूस आला तरी त्याला दिसतं, की याला छापील नावाने हाक मारायची नाही. हा नियम त्या मंगळवारनंतर आला. तुला माहीत नसेल ते असं, की आमची पोरं त्या चौकटीला 'सावकाश' म्हणतात. "सावकाश लावलास का?" "हो, लावला." सावकाश नावाचा हाडामांसाचा माणूस होता, तो रुमालाला अत्तर लावायचा आणि कोडी सोडवताना जीभ बाहेर काढायचा, हे त्यांच्या गावीही नाही.

वर्गात हे समजावताना मी घरचंच उदाहरण देतो. तुझ्या वहिनीने लग्नापासून मला 'अहो' या एकाच कॉलसाइनवर उडवलंय. भर बाजारात तिने "अहो" म्हटलं की सात नवरे वळून बघतात, आणि आठवा, ज्याच्यासाठी ती हाक असते, तो पिशवी हलवत सरळ पुढे चाललेला असतो. पोरं खिदळतात. मग मी म्हणतो, हसून घ्या. बाजारात फार तर भलत्या नवऱ्याच्या हातात कोथिंबीर जाईल. इथे भलतं विमान खाली येतं.

यंदाच्या तुकडीत चौदा जण आहेत. पहिल्या दिवशी मी फळ्याकडे तोंड करून आकडे लिहीत होतो आणि मागून आवाज आला, टिक्-टिक्. पेनाचं टोपण, दोनदा, मग एक श्वास, मग प्रश्न. माझा हात फळ्यावरच थांबला. प्रश्न विचारण्याआधी असं टोपण वाजवणारा एकच माणूस मी आयुष्यात ऐकलाय. वळून पाहिलं तर दुसऱ्या बाकावर एक मुलगी, नाक आमच्या वहिनींचं आणि कपाळावरची आठी तुझी. यादीत आडनाव होतं की, पण तुमच्या आडनावाची माणसं पोत्याने सापडतात, मी काय लक्ष देणार! तूही पक्का. लेक इथे येतेय हे एका शब्दाने कळवलं नाहीस. नंतर कळलं, तिनेच तुला दम भरला होता: बाबा, काकांना काही सांगाल तर याद राखा, मला वशिल्याची पोर व्हायचं नाही. ती ओळख दाखवेना, मग मीही दाखवली नाही. दोन आठवडे ती मला "सर" म्हणत होती आणि मी तिला "तुम्ही". तिला दुपट्यात गुंडाळलेली पाहिली होती मी, आणि आता तिला अहो-जाहो करताना जिभेला गाठ पडत होती.

मग तुझ्या मंगळवारचा धडा आला. तो मी दर तुकडीला शिकवतो, नावं न घेता. दुपारचे बारा. एकाच कंपनीची दोन विमानं, दोन-चार-सात आणि दोन-सात-चार, दोन्ही आपल्याकडे येणारी. खुर्चीवरच्या पहिल्या माणसाने दोन-सात-चारला सांगितलं, आता तुला मी आठ-आठ-एक म्हणेन. वैमानिकाने ते परत म्हणून दाखवलं. झकास. मग खुर्ची बदलली. दुसरा माणूस बसला. त्याच्यापुढच्या पट्टीवर छापलेलं दोन-सात-चारच. त्याने हाक दिली, दोन-सात-चार, आठ हजार फुटांवर उतर. ज्याला हाक होती तो गप्प, कारण त्याच्या लेखी ते नाव आता त्याचं नव्हतं. आणि दोन-चार-सातचा वैमानिक, खाली यायला केव्हाचा आसुसलेला, "आठ हजार, निघालो" म्हणाला आणि स्वतःचं नाव सांगायचं विसरला. नाव बदललं नसतं तर दोघं एकदम बोलले असते, कानात कर्रकन किंचाळी उठली असती आणि चूक तिथल्या तिथे पकडली गेली असती. घोटाळा होऊ नये म्हणून नाव बदललं, आणि त्यामुळेच घोटाळा अगदी निमूटपणे झाला. दुसऱ्या माणसाने विचारलं, "कोण निघालं? नाव सांगा." उत्तराची वाट न बघता त्याने पडद्यावर नजर टाकली, भलताच ठिपका उतरताना पाहिला आणि त्याला डावीकडे वळवून आहे त्या उंचीवरच रोखलं. आवाज एक पट्टीही वर गेला नाही. दोन्ही विमानांत मिळून तीनशेवर माणसं होती. त्यांतल्या काहींच्या कपातला चहा बशीत सांडला असेल, बस्स.

चौकशीत पहिला माणूस, म्हणजे मी, म्हणालो, नाव बदलल्याचं मी खुर्ची सोडताना तोंडी सांगितलं होतं. दुसरा, म्हणजे तू, म्हणालास, त्याने सांगितलं असेल, माझंच लक्ष नसेल. घरात एकवीस दिवसांचं बाळ, तुझे डोळे तारवटलेले, शर्टाची बटणं वरखाली. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. तुला खुर्चीवरून उठवून फायलींच्या खोलीत बसवलं आणि सहा महिन्यांत तू राजीनामा देऊन दूरच्या शाळेत गणित शिकवायला निघून गेलास. मला एक वाकडा शब्द बोलला नाहीस. बोलला असतास तर कडाकडा भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. पण मी खोटं बोललो नव्हतो रे. ते वाक्य मला शब्द न् शब्द आठवत होतं, माझ्याच आवाजात: "दोन-सात-चारचं नाव बदललंय, आता आठ-आठ-एक." चोवीस वर्षं मी त्या वाक्याच्या भरवशावर शांत झोपलो.

धडा संपला आणि टिक्-टिक्. "सर, पहिल्या माणसाने सांगितलं होतं, हे कशावरून?" मी म्हटलं, त्याने तसं लिहून दिलंय. "आणि दुसऱ्याने ते परत म्हणून दाखवलं होतं?" मी म्हटलं, तशी नोंद नाही. "मग तुम्हीच तर पहिल्या दिवशी शिकवलंत, समोरच्याने परत म्हटलं नाही तर आपण सांगितलंच नाही असं धरायचं. हा नियम फक्त वैमानिकांना आहे का सर?" मागच्या बाकावरून कुणीतरी "आली का पंचाईत!" म्हणालं आणि वर्ग फुटला. मीही हसलो. मनात म्हटलं, बापाने वीस वर्षं गणित शिकवलं त्याचं फळ हे. आणि आत कुठेतरी एक खिळा हलला.

जुन्या टेपा आता संगणकावर चढवल्यात. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी रेकॉर्डिंगच्या खोलीत गेलो आणि तिथल्या बाईंकडून त्या मंगळवारचं सगळं मागून घेतलं. चौकशीने रेडिओची टेप ऐकली होती. टेलिफोनचीही मागवली होती, पण तिच्यातलं फक्त फोनवरचं बोलणं कागदावर उतरवून घेतलं. मागे खोलीत काय चाललंय ते कोण उतरवत बसतो? आपल्या टेबलावरचा तो काळा फोन तुला आठवत असेल, शेजारच्या खोलीशी बोलायचा. मी खुर्ची सोडत होतो तेव्हा त्याचा रिसीव्हर माझ्या मानेखाली अडकवलेला होता आणि लाइन उघडी होती. हेडफोन लावले, डोळे मिटले. आधी खरखर. मग मी. "दोन-सात-चारचं नाव बदललंय, आता आठ-आठ-एक." माझ्या आठवणीतलं वाक्य, काना-मात्रेसकट! मी टेबलावर थाप मारली. बाई दचकून म्हणाल्या, "काय हो, सापडलं?" मी म्हटलं, सापडलं! आणि पुढच्याच क्षणी फोनच्या पलीकडून शेजारच्या खोलीतला माणूस म्हणाला, "आठ-आठ-एक. घेतलं."

ते वाक्य मी त्याला सांगितलं होतं, सावकाश. तुला नाही. चौकशीवाल्यांनी ते कागदावर पाहिलं असेल तर त्यांना माझं आणखीच पटलं असेल, शेजाऱ्याला आठवणीने सांगणारा माणूस स्वतःच्या खुर्चीला सांगणार नाही होय?

पुढे ऐकलं. खुर्ची किरकिरली. तू आलास. मी तुला एकेक देत गेलो: वारा, ढग, धावपट्टीच्या कडेला गवत कापायचं यंत्र, दक्षिणेला घिरट्या घालणारं शिकाऊ विमान. तू प्रत्येक गोष्ट परत म्हणत होतास, ठेक्यात. आणि जिथे ते वाक्य यायला हवं होतं, अगदी त्या जागी मी म्हणालो, "काय रे, काल रडायची पाळी कुणाची होती, बाळाची की तुझी?" तू हसलास. टिक्-टिक्. "घेतलं," म्हणालास. मी डबा उचलून निघालो. बोलून झालंय अशी माझी खात्री होती, कारण बोलून झालंच होतं, एका मिनिटापूर्वी, भलत्या कानात. मी ते सतरा वेळा ऐकलं. ज्या कानांच्या जिवावर हमालाचा कंट्रोलर झालो, त्यांना एवढं ऐकू यायला चोवीस वर्षं लागली.

आता तू म्हणशील, मग हा इतका खुशीत का लिहितोय? खरं सांगू? दुखरी दाढ काढून दवाखान्याबाहेर आलेल्या माणसासारखं झालंय. तोंडात भोक आहे, जीभ सारखी तिथे जाते, पण ठणका गेला. मला वाटायचं ठणका तुझ्यासाठी वाईट वाटण्याचा आहे. तो तर माझ्याच चुकीचा होता. त्याच दुपारी आमच्या प्रमुख बाईंकडे गेलो. पूर्वी खुर्चीवर माझ्याच हाताखाली शिकलेली, आता माझी साहेब. म्हणाली, "सर, महिनाअखेरीला तुमचा निरोप समारंभ आहे. भाषणं लिहून झालीत. आता कशाला उकरताय?" मी म्हटलं, भाषणातून माझ्या तीक्ष्ण कानांचं वाक्य तेवढं काढा. ती हसली नाही. हेडफोन मागून घेतला, एकदा ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. दीड पान लिहून दिलं. फाइलवरचा निष्कर्ष बदललाय: नावबदल पुढच्या माणसाला कळवला गेला नाही, आणि त्या माणसाने चूक वेळीच ओळखून दोन्ही विमानं सांभाळली. तुला कचेरीचं पत्र येईलच, पण ते कचेरीच्या भाषेत असेल, आणि त्या भाषेत कुणी चुकत नाही, नुसत्या 'त्रुटी आढळून येतात'. म्हणून माझं आधी पोचावं.

वर्गातही सांगून टाकलं, पहिला माणूस मी. चौदा तोंडं उघडी. पाठोपाठ हुकूम सोडला, आजपासून लाल चौकटीला सावकाश म्हणायचं नाही. तो माणूस चुकला नव्हता, उगाच त्याच्या नावावर खपवू नका. कानसेन म्हणा. परवा मोठ्या खोलीतून जात होतो तर मागून ऐकू आलं, "कानसेन लावलास का?" "लावला, लावला!" आता समारंभात कुणी काही बोललं नाही तरी चालेल.

आणि आता मुद्द्याचं, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. मी वर्गात कबुली दिली त्या दिवशी, वर्ग सुटल्यावर तुझी लेक कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसली आणि पहिल्यांदा "काका" म्हणाली. मला वाटलं, आता माझी कानउघाडणी होणार. तर म्हणाली, "आमच्या घरी एक ठरलेला विनोद आहे. पाहुणे आले की बाबा सांगतात, हिने रडून रडून माझी खुर्ची घालवली, आणि सगळे हसतात. मीही हसते." हसत हसतच सांगत होती. पण मी आवाज ऐकणारा माणूस, हसण्याच्या तळाशी काय होतं ते मला ऐकू आलं. मी विचारलं, म्हणून या कामाला आलीस का गं? तिने नुसतं टोपण दोनदा वाजवलं. तू तो विनोद मायेने करतोस हे मला कळतं, पण ते बाळ रडल्यामुळे काही झालं नव्हतं. तू जागा होतास. तुझं लक्ष होतं. मी जे दिलं ते तू सगळंच्या सगळं घेतलंस, मी दिलंच नाही ते कुठून घेणार? बाळाला त्या खोलीत ओढून आणलं ते मी, थट्टा करायला. मी तिला हे सांगितलंय, पण बापाच्या तोंडून आल्याशिवाय ते तिच्यापर्यंत पोचणार नाही. रविवारी ती तुमच्याकडे येतेय. दुपारी जेवणं झाली की तिला शेजारी बसव, मला फोन लाव, आणि हवापाण्यावर न जाता मी सांगितलेलं परत म्हणून दाखव: "नाव बदलल्याचं तू मला सांगितलं नव्हतंस." तुझी जीभ रेटायची नाही, ओळखून आहे मी तुला. तरी म्हण, ठेक्यात, तिला ऐकू जाईल असं. मी फोनपाशीच असेन. तुझ्या मागून टोपणाची टिक्-टिक् आली की मी म्हणेन, "घेतलं."

तुझाच,
कानसेन